बसऱ्याची नोंद सापडली, पण तारीख भलतीच

पणजोबांचा थोरला भाऊ पहिल्या महायुद्धात गेला, त्याच्या मृत्यूची नोंद मी शोधतोय. गेल्या खेपेला त्याच्या पदकापाशी थांबलो होतो.  मालवणच्या घरी आलेलं चांदीचं पदक केव्हाच मोडून खाल्लं. हे कांस्याचं 'व्हिक्टरी मेडल' सोनार घेईना म्हणून राहिलं. चिंच लावून घासायचा मोह आवरा, काठावरची अक्षरं झिजतात. तिरक्या उजेडात मोबाईलवर काठाचे फोटो काढून मोठे केले. नंबर, हुद्दा, नाव आणि 117वी मराठा पलटण, सगळं लागलं. नंबरातला एक आकडा तेवढा 3 की 8 कळेना.

117वी म्हणजे पुणे डिव्हिजनची पलटण, ब्रिटिश जनरल टाउनशेंडबरोबर इराकमधल्या कुत गावी तुर्कांच्या वेढ्यात अडकलेली. 1922 साली ती मराठा लाइट इन्फन्ट्रीची 5वी बटालियन झाली. मी आधी या नव्या नावाने शोधत बसलो आणि दोन महिने घालवले.

मग कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनची, म्हणजे युद्धात मेलेल्यांच्या नोंदी ठेवणाऱ्या संस्थेची यादी. इराकमधल्या बसरा स्मारकावर चाळीस हजारांवर मृतांची नोंद आहे, पण आपल्या साध्या शिपायांचा भिंतीवर पलटणीखाली नुसता आकडा, नावं रजिस्टरात. त्यामुळे स्मारकाचे फोटो चाळण्यात अर्थ नाही. आणि आडनावाने शोधाल तर बुडालात, इंग्रज कारकुनाने कानाला जे ऐकू आलं ते लिहिलंय. मी नंबर टाकला, आधी 3 धरून, मग 8 धरून. 8 वर पलटण जुळली, बापाचं नाव जुळलं. गावाचं स्पेलिंग मोठ्याने वाचल्यावर कळलं. जिल्हा अर्थात रत्नागिरी. सिंधुदुर्ग 1981 चा.

मृत्यू मात्र सप्टेंबर 1916. कुत पडलं 29 एप्रिलला! म्हणजे वेढ्यात गोळी लागून नव्हे, तुर्कांच्या कैदेत. तिथल्या हिंदी कैद्यांना वाळवंटातून चालवत नेऊन रास अल-ऐनला रेल्वेच्या कामावर जुंपलं होतं. आमच्याकडे शस्त्राने गेलेला म्हणून त्याचं श्राद्ध पितृपक्षातल्या चतुर्दशीला घालतात. आत्याला फोन केला तर म्हणाली, "मगे काय, आता तिथी बदलूची?"

मी घाई केली नाही. कैदेतल्या मृत्यूची तारीख मागाहून अंदाजानेही पडलेली असू शकते. पलटणीच्या युद्ध-डायरीतून या बाबतीत फारशी आशा नाही. तिच्यात साहेबांची नावं असतात, जवानांचे आकडे. रेड क्रॉसच्या कैद्यांच्या याद्या ऑनलाइन आहेत, पुढचे रविवार त्यांत जाणार.

दरम्यान देवळाजवळची संगमरवरी पाटी पुन्हा वाचली. तिच्यावरही गावातून महायुद्धावर किती गेले, किती मेले एवढंच. मेलेले पाच. रजिस्टरात आमच्या गावचे म्हणून आतापर्यंत तीन सापडले, तिघांच्या गावाचं स्पेलिंग तीन तऱ्हेचं. उरलेल्या दोघांसाठी चौथं आणि पाचवं स्पेलिंग कसं असेल, याची यादी करतोय.