पहिली आवृत्ती कशी ओळखायची?

जुन्या पुस्तकांच्या नोंदी करणं हे माझं काम आहे, हे कळलं की लोक हमखास विचारतात: 'विज्ञानाचं एक जुनं पुस्तक सापडलंय, आत १८५९ साल छापलंय. म्हणजे पहिलीच आवृत्ती ना?' तुम्हीही विचारलंत, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

छापलेल्या सालावर मी सगळ्यात शेवटी विश्वास ठेवतो. १८५९ म्हटलं की बहुतेकांच्या मनात डार्विनचं 'ओरिजिन ऑफ स्पीशीज' असतं. ते लंडनच्या जॉन मरे यांनी त्या वर्षीच्या नोव्हेंबरात प्रसिद्ध केलं, छापल्या १२५० प्रती. पण दुसऱ्या आवृत्तीच्याही अगदी मोजक्या प्रतींवर १८५९च आहे, बाकीच्यांवर १८६०. शिवाय विसाव्या शतकात पहिल्या आवृत्तीची हुबेहूब पुनर्मुद्रणं निघाली, त्यांत मूळ शीर्षकपान सालासकट उतरलंय.

म्हणून मी आधी विसावं पान उघडतो. अकराव्या ओळीत 'स्पीशीज' या शब्दात इंग्रजी ई हे अक्षर एकदा जास्त पडलंय. मुद्राराक्षसाची ही डुलकी दुसऱ्या आवृत्तीत सुधारली गेली. मग शीर्षकपानाच्या आधीची अवतरणं मोजायची: पहिल्या आवृत्तीत दोन, दुसरीपासून तीन. शेवटी पुस्तकाचं अखेरचं वाक्य. जीवनाचा श्वास फुंकला गेला, एवढंच पहिल्या आवृत्तीत आहे. तो 'निर्मात्याने' फुंकला, हे शब्द दुसरीत आले. वाद उसळल्यावर डार्विनने हात थोडा आखडला, असं मला वाटतं. शीर्षकपानावरच्या नावातला सुरुवातीचा 'ऑन' तर १८७२च्या सहाव्या आवृत्तीत गळलाच.

एवढं जुळलं तरी पुनर्मुद्रणाची शंका उरते, कारण तिथे चुकाही हुबेहूब उतरतात. तेव्हा प्रश्न मजकुराचा नसून कागदाचा, शाईचा आणि बांधणीचा असतो.

त्याहून जुन्या पुस्तकांत आणखी गंमत आहे. न्यूटनच्या 'प्रिन्सिपिया' या गती-गुरुत्वाकर्षणावरच्या ग्रंथाच्या १६८७च्या पहिल्या आवृत्तीची दोन शीर्षकपानं आहेत. एकावर पुस्तक अनेक विक्रेत्यांकडे मिळेल असं आहे, दुसऱ्यावर सॅम्युअल स्मिथ या विक्रेत्याचं नाव. आतले फर्मे (छापलेले मोठे कागद) तेच, फक्त ते एक पान कापून दुसरं चिकटवलेलं. आवृत्ती एकच, पण संग्राहक दोन्हींत फरक करतात. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या गणनेत या आवृत्तीच्या ३८६ प्रतींचा माग लागला. पृथ्वी सूर्याभोवती फिरते असं मांडणारं कोपर्निकसचं 'डी रिव्होल्यूशनिबस' त्या मानाने सोपं: पहिली आवृत्ती १५४३ची न्यूरेंबर्गची. १५६६च्या बाझेलच्या दुसऱ्या आवृत्तीत त्याचा शिष्य रेटिकस याचा छोटा ग्रंथही जोडलाय. तो दिसला की ती पहिली नव्हे, पुढे बघायलाच नको.

हाताने केलेल्या जुन्या कागदाचं पान उजेडासमोर धरलं तर साच्याच्या तारांच्या रेघा दिसतात, कधी जलचिन्हही. शिशाच्या खिळ्यांनी (अक्षरांच्या ठशांनी) छापलेल्या अक्षरांचा दाब बोटाला लागतो. पण खोटं करणाराही हे जाणतो. गॅलिलिओने दुर्बिणीतून पाहिलेलं आकाश मांडणाऱ्या १६१०च्या 'सिडेरियस नन्सियस'ची एक प्रत २००५मध्ये बाजारात आली, म्हणे त्याच्या हातच्या चंद्राच्या चित्रांसह. तज्ज्ञांनी ती अस्सल ठरवून तिच्यावर ग्रंथही लिहिला. २०१२मध्ये निक वाइल्डिंग या इतिहासकाराने तिच्यावरचा ग्रंथालयाचा शिक्का आणि शीर्षकपानावरच्या बारीक खुणा अस्सल प्रतींशी ताडून पाहिल्या आणि ती बनावट निघाली. अक्षरांचा दाब होता, पण तो फोटोवरून केलेल्या प्लास्टिकच्या ठशांचा! मला यातून पटलं ते एवढंच की एकटी प्रत बघून निकाल देऊ नये. शेजारी दुसरी अस्सल प्रत, निदान तिचे चांगले फोटो हवेत.

चामड्याची सोनेरी बांधणी बघून हुरळू नका. डार्विनची पहिली आवृत्ती हिरव्या साध्या कापडात आली होती, आणि देखणी बांधणी बऱ्याचदा नंतरच्या मालकाने करवलेली असते. दुसऱ्या प्रतीतली पानं घालून पूर्ण केलेलं पुस्तकही अशा बांधणीत सहज लपतं.

तर मला पुस्तकाच्या मुखपृष्ठाचा फोटो पाठवू नका. शीर्षकपानाच्या दोन्ही बाजू, त्याच्या आधीचं पान, शेवटचं पान आणि उजेडासमोर धरलेलं मधलं एखादं पान पाठवा. डार्विन असेल तर विसावंही.