अठ्ठावीस रात्री आणि एक खोडरबर

पहिल्या बैठकीत आम्ही तिघांनी नकाशावर पेन्सिलीने जी रेघ मारली, ती आता बघितली की हसू येतं. मेलबर्न, तिथून टास्मानिया, मग सिडनी, ब्रिस्बेन, केर्न्स, मधल्या वाळवंटातला उलुरू नावाचा प्रचंड खडक, आणि "एवढं जातोच आहोत तर" म्हणून पर्थ. एकाच सुट्टीत अख्खा ऑस्ट्रेलिया, तोही डिसेंबरात. ७७ लाख चौरस किलोमीटरचा देश आम्ही दुपारच्या चहाबरोबर संपवला होता. वहिनीने फक्त एवढंच विचारलं, "यात समुद्रात कधी उतरायचं?" त्याचं उत्तर कुणाकडेच नव्हतं. सिडनीहून पर्थला नुसतं विमानाने जायचं तरी पाच तास लागतात, हे दादाने त्याच रात्री शोधून काढलं आणि स्वतःच्या हाताने पर्थ खोडलं.

आमची गंमत अशी की तिघांना तीन वेगळ्या गोष्टी हव्यात. दादा निवृत्त स्थापत्य अभियंता. त्याला शहरं हवीत, इमारती, पूल, ट्राम, आणि गळ्यात कॅमेरा. वहिनीला पोहता येईल असा समुद्र हवा, नुसता बघायचा नको. मला जंगल हवं, आणि जमलं तर तिथे कुणी बोलायला नको. तिघांचं समाधान होईल असा देश म्हणून ऑस्ट्रेलिया निवडला, आणि मग बुकिंगं करायची म्हणून माहिती वाचायला बसले तेव्हा कळलं की महिनाच चुकला आहे.

डिसेंबर म्हणजे तिकडे उन्हाळा, एवढं शाळेतल्या भूगोलातून डोक्यात होतं. पण एवढ्या मोठ्या देशात उन्हाळा सगळीकडे सारखा नसतो, हे डोक्यात नव्हतं. डिसेंबरात मेलबर्न मस्त. उलुरूला पारा ३५ अंशांच्या वर. उत्तरेला केर्न्सकडे पावसाळा सुरू, आणि समुद्रात जेलीफिश. साधारण नोव्हेंबर ते मे हा तिथला डंखाचा हंगाम. त्यात इरुकांजी नावाचा एक जेलीफिश नखाएवढा असतो, पाण्यात दिसतही नाही, आणि त्याच्या डंखाने माणूस थेट रुग्णालयात जातो. तेव्हा किनाऱ्यावर पोहायचं ते जाळी लावलेल्या चौकोनात किंवा अंगभर चिकटणारा सूट घालून. वहिनीने सुटाचा फोटो पाहिला. "हे घालून मी पाण्यात उतरले तर मासेच बाहेर पळतील," म्हणाली. डिसेंबर खोडला.

ठिकाणं ठरवून मग महिना बघायचा, ही आमची मूळ चूक. आता सप्टेंबरच्या मध्यावर निघायचं ठरलंय. उत्तरेत कोरडा हंगाम, वाळवंटात दिवसा चालता येईल इतपत ऊन, आणि दक्षिणेत नुकता वसंत. म्हणून मूळ रेघ उलटी केली. केर्न्सपासून सुरुवात करून खाली सरकायचं, म्हणजे आम्ही मेलबर्नला पोचेपर्यंत तिथली थंडी थोडी निवळलेली असेल. आणखी एक फायदा नंतर लक्षात आला. सप्टेंबरच्या शेवटच्या शनिवारी मेलबर्नला त्यांच्या फुटबॉलची अंतिम लढत असते, तेव्हा शहरात खोली मिळणं मुश्कील. आम्ही तोवर वाळवंटात असू.

केर्न्सला नऊ रात्री. सगळ्यात जास्त वेळ इथे घालवायचा, आणि सगळ्यात जास्त खाडाखोडही इथेच झाली. पहिला धक्का म्हणजे केर्न्स गावाला पोहण्याजोगा किनाराच नाही. ओहोटीला समोर दूरवर चिखल दिसतो. गावकऱ्यांसाठी किनाऱ्यालगत खाऱ्या पाण्याचं एक मोठं मोफत तळं बांधलेलं आहे, तिथे लोक पोहतात. वहिनी हे ऐकून माझ्याकडे अशी बघत राहिली की जणू तो चिखल मीच आणून टाकलाय. मग फिट्झरॉय बेट शोधलं. बोटीने पाऊण तास, आणि किनाऱ्यावर वाळूऐवजी प्रवाळाचे पांढरे तुकडे. पायाला टोचतात म्हणे, म्हणून पाण्यातले बूट यादीत. दोन रात्री तिथे, वहिनीच्या नावावर.

ग्रेट बॅरियर रीफच्या, म्हणजे समुद्रातल्या प्रवाळाच्या लांबलचक रांगेच्या दिवशी मात्र मी स्वतःच गोता खाल्ला असता. हौस म्हणून शिकाऊ लोकांसाठीचा डाइव्ह करायचं ठरवलं आणि तो दिवस ठेवला केर्न्समधला शेवटचा. दुसऱ्या दिवशी पहाटे उलुरूचं विमान. कागदावर छान बसत होतं. पाण्याखाली दाबामुळे श्वासातला नायट्रोजन शरीरात विरघळतो, आणि तो हळूहळू बाहेर पडायच्या आत आपण विमानातल्या कमी दाबात जाऊन बसलो, तर सोड्याची बाटली उघडल्यावर होतं ते अंगात होतं. बुडबुडे. एका डाइव्हनंतर निदान १२ तास, एकापेक्षा जास्त केले तर १८ तास विमान टाळायचं, असं डाइव्हिंगवाले सांगतात, आणि बरेचजण सरळ २४ तास धरतात. तेव्हा रीफ तिसऱ्या दिवशी आणि जंगल शेवटी, असा बदल केला. खोडरबराचा एक कोपरा त्यातच गेला.

जंगल म्हणजे डेनट्री. केर्न्सहून केप ट्रिब्युलेशन जेमतेम १४० किलोमीटर, पण मध्ये डेनट्री नदी तारेवर ओढल्या जाणाऱ्या फेरीबोटीतून ओलांडायची आणि पुढे वळणावळणांचा रस्ता, म्हणून तीन तास धरलेत. रीफ आणि हे पावसाळी जंगल, जागतिक वारशाच्या यादीतल्या दोन वेगवेगळ्या जागा, इथे एकमेकींना येऊन भिडतात. कॅप्टन कुकने १७७० मध्ये या टोकाला हे नाव दिलं, कारण आमच्या संकटांची सुरुवात इथूनच झाली, असं त्याने लिहून ठेवलंय. थोड्याच वेळात त्याचं जहाज रीफवर आदळलं होतं. त्या मानाने आमचं संकट साधं आहे. तिथल्या सुंदर किनाऱ्यावर मगरी असतात, म्हणून पाण्यात पाय घालायचा नाही. वहिनीला मी हे आधीच सांगितलं. तिने शांतपणे जंगलासाठी ठेवलेल्या तीन रात्रींपैकी एक कापली आणि फिट्झरॉयला जोडली. वाद घालायला तोंड नव्हतं.

गाडी मी चालवणार. डावीकडून चालवतात, एवढं सुख. पण संध्याकाळनंतर शहराबाहेर गाडी काढायची नाही, कारण वॉलबी आणि कांगारू तेव्हाच रस्त्यावर येतात. म्हणून प्रत्येक प्रवासापुढे मी 'पोचायची वेळ : ४' असं लाल पेनाने लिहिलंय. ही एकच गोष्ट खोडायला परवानगी नाही.

उलुरूला तीन रात्री. दादाला वर चढायचं होतं. चढाई २६ ऑक्टोबर २०१९ ला कायमची बंद झाली. १९८५ साली त्याच तारखेला ती जमीन तिथल्या मूळच्या अनांगू लोकांना परत मिळाली होती, म्हणून तो दिवस निवडलेला. पायथ्याभोवती दहा किलोमीटरची वाट आहे, ती चालू. त्या वाटेवर काही जागा अशा आहेत की तिथले फोटो काढू नका असे फलक आहेत. दादा म्हणाला, "बरं, तेवढंच." पण चेहरा उतरला.

सिडनीला सात रात्री, आणि हे आठवडाभराचं राज्य दादाचं. ऑपेरा हाउसच्या छपरावर दहा लाखांहून जास्त फरशा आहेत, त्यात चकचकीत आणि मॅट असे दोन प्रकार, हे तो मला चौथ्यांदा सांगतोय. वास्तुकार उत्झन १९६६ मध्ये काम सोडून गेला, १९७३ मध्ये इमारत उघडली, आणि पूर्ण झालेली इमारत त्याने कधीच डोळ्यांनी पाहिली नाही. हे सांगताना दादाचा आवाज दर वेळी जरा खाली येतो. बाकी मॅनलीची फेरीबोट, ब्लू माउंटन्सला रेल्वेने एक दिवस, आणि बाँडाय ते कूजी सहा किलोमीटर समुद्राच्या कडेने चालत. वहिनीसाठी नियम एकच : लाल-पिवळ्या झेंड्यांच्या मध्येच पोहायचं.

सिडनीहून निघायचं विमान मी सकाळी सहाचं धरलं होतं, स्वस्त म्हणून. तो नेमका ऑक्टोबरचा पहिला रविवार. त्या रात्री सिडनीत उन्हाळ्यासाठी घड्याळं एक तास पुढे करतात, दोनचे तीन वाजतात. झोपेतून एक तास चोरीला आणि आम्ही अंधारात विमानतळावर. विमान दुपारचं केलं.

मेलबर्नकडच्या नऊ रात्रींत ग्रेट ओशन रोड आहे, पहिल्या महायुद्धातून परतलेल्या सैनिकांनी बांधलेला. मेलबर्नहून पश्चिमेला निघालं की समुद्र आपल्याच बाजूला राहतो, म्हणून जाताना किनाऱ्याने आणि येताना आतल्या रस्त्याने. टास्मानिया याच नऊ रात्रींसाठी खोडावं लागलं. वाईट वाटलं, अजून वाटतं.

शेवटून दुसरी रात्र फिलिप बेटावर. सूर्य मावळला की छोटे पेंग्विन समुद्रातून टोळ्यांनी बाहेर येतात आणि वाळूवरून डुलत आपापल्या बिळांकडे जातात. अंधारात परत गाडी चालवायची नाही म्हणून मुक्काम तिथेच. तिघांनाही एकदम पसंत पडलेली ही एकमेव जागा. दादाने त्यासाठी नवी लेन्स घेतलीय, कमी उजेडात चालणारी.

तिथे पेंग्विनांचे फोटो काढायला पूर्ण बंदी आहे. फ्लॅशने ते बिचकतात, म्हणून मोबाइलसुद्धा खिशात. हे वहिनीला माहीत आहे, मला माहीत आहे. दादाला अजून कुणी सांगितलेलं नाही.