गाडीखालचा ठोकळा

गाडी घेऊन नऊ वर्षं झाली, पण ती खालून कशी दिसते हे मी कधी पाहिलं नव्हतं. वरून पुसायची, ओरखडे मोजायचे, झाली गाडीची सेवा. एप्रिलमधल्या एका सकाळी विजापूर रोडजवळच्या एका गतिरोधकावर (गतिरोधक कसला, टेकाडच ते) खालून ‘ठक्क’ असा आवाज आला आणि माझ्या पोटात गोळा. घरी येऊन डावीकडची दोन चाकं ओट्याच्या उतरणीवर चढवली आणि खाली चादर अंथरली. सोलापूरच्या घरात जुन्या चादरीला काय तोटा! ही माझ्या लग्नातली. विटली, पण अजून फाटायचं नाव नाही.

“जॅकवर उचलून खाली शिरू नको गं,” शेजारच्या अण्णांनी कंपाउंडवरून बजावलं.

“नाही अण्णा, चारही चाकं टेकलेली आहेत. मागं दगडसुद्धा लावलाय.”

मोबाइलची बॅटरी लावून आत सरकले. वाळक्या चिखलाचा आणि तेलाचा वास. सायलेन्सरला एक कॅरीबॅग वितळून चिकटलेली, तिच्यावर कुठल्यातरी साडीच्या दुकानाचं अर्धं नाव. चेंबर, म्हणजे इंजिनाच्या तेलाचं खालचं भांडं, ओळखू आला, कारण रस्त्यात मोठा दगड दिसला की आमच्याकडे पहिलं वाक्य “चेंबर सांभाळ” हेच असतं. तो शाबूत होता, तेलाचा थेंबही नव्हता. चाकाकडे जाणारा दांडा आणि त्यावरचं घड्याघड्यांचं रबरी बूट ओळखलं. आणि मग तो दिसला.

इंजिनाखाली जी आडवी पट्टी असते, तिला एक काळा लोखंडी ठोकळा टांगलेला होता. अर्ध्या विटेएवढा, मध्ये रबर, वर एकच बोल्ट. त्याला ना वायर, ना पाइप. तो कशाला टेकत नव्हता, काही धरून ठेवत नव्हता, काही फिरवत नव्हता. बोटानं ढकललं तर जरा थरथरला आणि गप्प झाला. एवढ्या गर्दीत प्रत्येक जण कामात, आणि हा एकटा रिकामा!

फोटो घरात फिरला. “इंजिनाचं फाउंडेशन असणार,” हे म्हणाले. पण इंजिन तर त्याला शिवतही नव्हतं. पुण्याच्या दिरांच्या मते गाडीवर पाळत ठेवायला शोरूमवाल्यांनी लपवलेलं जीपीएस. इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला असलेला भाचा सगळ्यात ठाम होता. “मावशी, तो कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आहे. आत प्लॅटिनम असतं. चोरीला जातात ते.” त्यानंतर दोनेक तास आम्ही प्लॅटिनमचे मालक होतो. मी गेटला कुलूपसुद्धा लावलं. पुढे कळलं की कन्व्हर्टरमध्ये प्लॅटिनम, पॅलेडियम वगैरे असतं हे खरं, पण तो सायलेन्सरच्या पाइपातच बसवलेला असतो, उंदीर गिळलेल्या सापासारखा फुगीर. धूर त्याच्यातून जावा लागतो. आमच्या ठोकळ्याला तर तोंडच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी हवा भरायला थांबले तिथे शेजारीच एक टपरीवजा गॅरेज होतं. तिथला पोरगा वाकून बघून म्हणाला, “काही काम नाही याचं. उगं लोंबतंय. काढू का?” आणि मी, जिनं नऊ वर्षं खाली वाकून पाहिलं नव्हतं ती मी, म्हणाले, “काढ.” पाना लावला, दोन मिनिटांत ठोकळा डिकीत. घरी काट्यावर ठेवला. १ किलो ३८० ग्रॅम. ॲव्हरेज वाढेल, असा एक आनंदही झाला.

मग सात रस्त्याचा सिग्नल. बाहेर ऊन मी म्हणतंय, एसी चालू, गाडी उभी. आरशात पाहिलं तर मागच्या एका रिक्षाच्या दोन रिक्षा झालेल्या. आरसा थरथरत होता. पाण्याच्या स्टीलच्या बाटलीचं झाकण किणकिणत होतं, तळपायाला मुंग्या आल्यासारखं होत होतं. हिरवा दिवा लागला, गाडी पळाली की सगळं शांत. पुढच्या सिग्नलला पुन्हा तेच. इंजिन गेलं, असं मी मनाशी ठरवून टाकलं आणि थेट होटगी रोडच्या आमच्या नेहमीच्या मिस्त्रींकडे गेले.

मिस्त्रींनी बॉनेट उघडलंसुद्धा नाही. चालू गाडीच्या स्टिअरिंगवर तळवा ठेवला, खाली उतरले, गुडघ्यावर बसून आत डोकावले.

“ताई, इथलं वजन कुठाय?”

म्हणजे त्याचं नाव वजन. मी मुकाट्यानं डिकी उघडली.

“कंपनीत डॅम्पर म्हणतात, आमच्यात वजनच,” बोल्ट आवळता आवळता ते सांगत होते. “तीन सिलिंडरचं इंजिन आहे हे. चारवाल्यापेक्षा जास्त हलतं. त्याला खाली हे द्यावंच लागतं.”

नंतर मी कागदावर हिशेब करून पाहिला. उभ्या गाडीचं इंजिन मिनिटाला साधारण ८०० फेरे घेतं. प्रत्येक सिलिंडर दोन फेऱ्यांत एकदा पेटतो, म्हणजे तिघांचे मिळून मिनिटाला १२०० ठोके, सेकंदाला २०. रबर किती कडक आणि लोखंड किती जड, हे अशा बेतानं ठरवलेलं असतं की त्या लयीला ठोकळा नेमका उलटा डोलतो. पट्टी खाली जाऊ लागली की हा वर. पण हे गणित मला पटलं ते मिस्त्रींनी गाडी पुन्हा सुरू केली तेव्हा. त्यांनी मला खाली वाकून बघायला लावलं. ठोकळा वेड्यासारखा थरथरत होता, कडा नीट दिसू नये इतका. उठून आत पाहिलं, तर बाटलीचं झाकण गप्प आणि आरशात मागच्या भिंतीवरची पाटी स्वच्छ वाचता येत होती. मजुरी विचारली तर मिस्त्री म्हणाले, “एका बोल्टचे काय घ्यायचे?”

त्या रात्री वाचत बसले. ही कल्पना हेर्मान फ्राम नावाच्या जर्मन इंजिनिअरची. १९०९ मध्ये त्यानं पेटंटसाठी अर्ज केला, १९११ मध्ये ते मिळालं. तैवानमधल्या तैपेई १०१ या ५०८ मीटर उंच इमारतीत असाच ६६० टनांचा पोलादी गोळा टांगलाय, वाऱ्यात इमारत डोलू नये म्हणून. लोक तिकीट काढून तो बघतात. मी आमचा फुकट बघितला होता, आणि वर काढून टाकला होता.

आता तर जिथे तिथे तेच दिसतं. विजेच्या मोठ्या टॉवरच्या तारांवर, टॉवरच्या जवळ, छोटे डंबेल अडकवलेले असतात. इतकी वर्षं मला वाटायचं ते पक्ष्यांसाठी आहेत. ते तारांचं वजन निघालं, वाऱ्यानं तार थरथरून झिजू नये म्हणून. आणि तारांच्या बाबतीत सोलापूरकरानं इतकं अडाणी असू नये. रायचूर–सोलापूर ही ७६५ केव्हीची लाइन ३१ डिसेंबर २०१३ ला जोडली गेली आणि दक्षिणेची वीज उरलेल्या देशाच्या लयीत आली, ती आपल्याच जिल्ह्यात.

हे सगळं मी अण्णांना रंगवून सांगितलं. अण्णांची अख्खी हयात सोलापूरच्या पूर्वभागात, विणकरांच्या वस्तीत, मागावर गेली. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, “यात नवीन काय? आमच्या मागाला मागच्या बाजूला वजनंच लोंबायची की. उभे धागे गुंडाळलेला रूळ तो बीम. बीमला दोरी, दोरीला दांडी, दांडीला वजन. वजन कमी पडलं की ताणा ढिला, चादर पोचट. जास्त झालं की धागे तटातट. बीम उतरत जाईल तसं वजन आत सरकवायचं. नवीन पोरगं आलं की पहिल्या दिवशी विचारायचं, हे काढू का म्हणून.”

“मग?”

“मग काय, मालकाच्या शिव्या.”

“तुमचं ते किती किलोचं असायचं?” मी विचारलं. अण्णा उठले, जिना चढून गेले आणि गच्चीच्या दाराला अडसर म्हणून ठेवलेलं गंजलेलं बिडाचं वजन दोन्ही हातांनी घेऊन आले. मी स्वयंपाकघरातला काटा आणला. काटा पाच किलोपर्यंतचा. अण्णांनी वजन अलगद ठेवलं, काट्यानं एकदा इंग्रजीत ‘एरर’ दाखवलं आणि तो जो बंद पडला तो अजून बंदच आहे.