आमची वाटचाल : वाद्य हातात घेऊन घेतलेली मापे

गायक, वादक आणि वाद्यवृंद यांच्यासाठी रंगमंचावरचे कपडे योजणे, शिवणे आणि पुढे ते सांभाळणे हा आमचा व्यवसाय आहे. त्याची सुरुवात दुरुस्तीच्या कामापासून झाली. गायकवृंदांचे एकसारखे पोशाख सैल किंवा घट्ट करणे, फाटलेले अस्तर बदलणे, गळलेल्या टिकल्या पुन्हा लावणे अशी कामे त्या काळात येत. या कामात प्रतिष्ठा नव्हती, शिक्षण मात्र भरपूर होते, कारण वापरून आलेला पोशाख कुठे ताणला गेला, कुठे घासला आणि घामाने कुठे विटला हे त्याच्याकडे पाहूनच कळते. व्हायोलिनवादकांचे कोट बहुधा उजव्या बगलेत उसवलेले असत, गिटारवादकांच्या डाव्या खांद्यावरचे भरतकाम पट्ट्याखाली झिजलेले असे, आणि गायिकांच्या पोशाखाची चेन खालच्या बरगड्यांपाशी, म्हणजे श्वास भरताना शरीर जिथे रुंदावते नेमके तिथेच, गेलेली असे.

त्यामुळे नवे पोशाख शिवायला घेतले तेव्हा आम्ही माप घेण्याची पद्धतच वेगळी ठेवली. हात खाली सोडून सरळ उभ्या राहिलेल्या माणसाचे माप आम्ही केवळ पायाभूत मानतो. त्यानंतर कलाकाराने वाद्य हातात घेऊन एखादी पूर्ण रचना वाजवावी असा आमचा आग्रह असतो, आणि तो वाजवत असताना आमचे कटिंग मास्तर पाठीची रुंदी, कोपर वाकल्यावर लागणारी बाहीची लांबी आणि बसल्यावर पँट किती वर सरकते हे पुन्हा मोजतात. गायकांच्या छातीचे आणि बरगड्यांचे माप पूर्ण श्वास भरून घेतले जाते. पहिल्यांदा आलेल्या काही कलाकारांना हा सोपस्कार वाटतो; दुसऱ्या ऑर्डरच्या वेळी मात्र तेच कलाकार न सांगता वाद्य सोबत आणतात.

बाही मोकळी हवी असेल तर मुंढा, म्हणजे बाही जोडायचे भोक, मोठा कापावा, हा समज ग्राहकांत आणि शिवणाऱ्यांतही फार पक्का आहे, आणि तो चुकीचा आहे. मुंढा खाली गेला की हात वर करताना बाहीबरोबर सगळा कोटच उचलला जातो आणि कॉलर मानेपासून सुटते. उलट मुंढा लहान आणि काखेच्या जवळ ठेवून बाहीच्या खालच्या शिवणीत कापडाचा चौकोनी जोड दिला, तर हात मोकळा फिरतो आणि कोट जागच्या जागी राहतो. हे समजावून सांगण्यात आमचा जितका वेळ गेला आहे तितका दुसऱ्या कशातही गेला नसेल.

याखेरीज प्रत्येक वाद्याच्या स्वतःच्या अटी असतात. गिटारवादकाच्या पोशाखाची बटणे पट्टीखाली झाकावी लागतात, कारण धातूचे बटण किंवा चेन गिटारच्या पाठीवर ओरखडे काढते. व्हायोलिनवादकाच्या डाव्या खांद्याजवळ कडक किंवा जाड काहीही चालत नाही. ड्रमवादकाच्या पँटचा घेर खाली रुंद असला तर तो पेडलमध्ये अडकतो. चेलोवादक स्त्रियांच्या घागऱ्याला गुडघे वाद्याच्या दोन्ही बाजूंना जाऊनही खाली पडणारा घेर लागतो, आणि पियानोवादकाच्या बाहीवर एकमेकांवर आपटणारी बटणे लावणे हा तर निव्वळ अविचार आहे.

या क्षेत्रातील जुन्या कामाचा अभ्यास आम्ही सतत करत आलो आहोत. कीव्हमध्ये जन्मलेले आणि पुढे अमेरिकेत कंट्री गायकांसाठी खड्यांनी मढवलेले सूट शिवणारे नूडी कोन यांनी १९५७ साली रॉक गायक एल्विस प्रेस्लीसाठी सोनेरी लामेचा, म्हणजे धातूसारख्या चकाकत्या धाग्यांच्या कापडाचा, सूट केला. त्याची किंमत १०,००० डॉलर असल्याचे त्या वेळी गाजले होते, पण प्रेस्ली लवकरच काळ्या पँटवर त्यातला नुसता कोट घालू लागले. पुढे वेशभूषाकार बिल बेल्यू यांनी प्रेस्ली यांच्यासाठी उंच कॉलरचे एकसंध जंपसूट केले. कमरेला जोडच नसल्यामुळे वाकताना, बसताना आणि हात फेकताना त्यात काही निसटत नाही, म्हणून आमच्या मते तेच अधिक मोठे काम आहे, जरी छायाचित्रांत सोनेरी सूट जास्त मिरवत असला तरी. याच्या दुसऱ्या टोकाला गायक-पियानोवादक एल्टन जॉन यांनी १९८० साली न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये घातलेला, बॉब मॅकी यांनी केलेला डोनाल्ड डकचा पोशाख आहे, ज्यात चालणे आणि पियानोसमोर बसणे दोन्ही अवघड झाले होते. विनोद म्हणून तो अजोड आहे. आमच्याकडे असा पोशाख मागितला गेला तर तो अखेरच्या एका गाण्यापुरताच घालावा असे आम्ही सुचवू.

प्रकाशाचा विचार आम्ही कापड खरेदी करण्यापूर्वी करतो. लाल दिव्याखाली हिरवे कापड जवळजवळ काळे दिसते, तर पांढरे आणि लाल कापड एकाच रंगाचे भासते. दिवसाच्या उजेडात तंतोतंत जुळणारी दोन कापडे एलईडी दिव्यांखाली वेगळी दिसू शकतात, म्हणून वाद्यवृंदाचे कापड शक्यतो एकाच ताग्यातून घेतले जाते. बारीक रेघांचे कापड कॅमेऱ्यात लहरत असल्यासारखे दिसते, त्यामुळे चित्रीकरण होणार असेल तर ते आम्ही नाकारतो. टिकल्यांबद्दल आमचे मत बरेच कठोर आहे : त्या दूरच्या प्रेक्षकासाठी उपयोगी आहेत, पण बगलेत, बाहीच्या आतल्या बाजूला आणि पट्ट्याखाली त्या कधीही लावू नयेत.

गाण्यांच्या मध्ये पोशाख बदलण्याचे काम आमच्याकडे नंतर आले आणि आज ते आमचे सर्वांत आवडते काम आहे. जपानी वेशभूषाकार कान्साई यामामोतो यांनी १९७३ साली रॉक गायक डेव्हिड बोवी यांच्यासाठी केलेल्या पोशाखांत जपानच्या पारंपरिक काबुकी रंगभूमीवरील वेशपालटाची युक्ती वापरली होती. वरचा पोशाख ओढताच सुटून येई आणि आत दुसरा तयार असे. आम्हीही आतला पोशाख आधीच घालून ठेवतो, वरच्या पोशाखाला पुढे खोटी बटणे लावतो आणि प्रत्यक्ष उघडझाप पाठीमागे मोठी टिचबटणे किंवा जाड दात्यांची चेन यांवर ठेवतो. वेल्क्रो लवकर सुटते, पण ते उघडण्याचा आवाज संथ गाण्यात शेवटच्या रांगेपर्यंत जातो आणि जाळीच्या कापडाला ते चिकटते. आवाजाचाच प्रश्न अंगावरच्या मायक्रोफोनचा : सळसळणारे अस्तर किंवा किणकिणणारा दागिना त्याच्या आसपास असता कामा नये. कलाकाराला गाणे ऐकू यावे म्हणून कानात घालतात त्या मॉनिटरच्या पेटीसाठी कमरेच्या मागे घाम न झिरपणाऱ्या अस्तराचा खिसा आणि वायरीसाठी काज हे आता आमच्या प्रत्येक कोटात असते.

पोशाख सुपूर्त केल्यावर काम संपत नाही. दौऱ्यासाठी प्रत्येक मुख्य पोशाखाच्या दोन प्रती, काखेत काढता येणाऱ्या गाद्या आणि सुटे खडे व दोरा असलेली दुरुस्तीची पेटी आम्ही देतो. धुता न येणाऱ्या पोशाखाचा वास घालवण्यासाठी आतल्या बाजूने पातळ मद्यार्क फवारून पंख्याखाली वाळवणे हा नाट्यगृहांतील जुना उपाय आहे, आणि तो ऐकून ग्राहक हसले तरी आम्ही तो लेखी सूचनांत देतो. दर ठरवताना या देखभालीचे तासही धरावेत, हे आम्ही हळूहळू शिकलो.

आमच्या कामाचे श्रेय क्वचितच छापले जाते. मायकल जॅक्सन पुढे झुकून तोल सांभाळत ती करामत सर्वांना ठाऊक आहे. टाचेतील खाच रंगमंचावरील खुंटीत अडकवणाऱ्या त्या बुटांचे अमेरिकी पेटंट १९९३ साली मिळाले, आणि त्यावर जॅक्सन यांच्याबरोबर त्यांचे वेशभूषाकार मायकल बुश आणि डेनिस टॉम्पकिन्स यांचीही संशोधक म्हणून नावे आहेत. पेटंटची अपेक्षा आम्ही करत नाही. करारपत्रात मात्र कार्यक्रमपत्रिकेवर वेशभूषाकार, कटिंग मास्तर आणि भरतकाम करणारे कारागीर या सर्वांची नावे छापावीत असे कलम आता असते, आणि ते गाळण्याच्या अटीवर आलेली कामे आम्ही स्वीकारत नाही.