‘टेस्ट’ चालतं, ‘शिवनेरीचा वेढा’ चालत नाही

मुक्तस्रोत, म्हणजे ज्याचा कोड सगळ्यांना खुला असतो अशा खेळाचा बग (कोडमधली चूक) कळवायला कुणी बसलं असेल, तर आधी एक करा. रिपोर्ट टाकलात की तिथून साठाव्या दिवसाची तारीख कॅलेंडरमध्ये लिहून ठेवा. मी लिहिली नव्हती आणि त्यापायी माझे चार महिने गेले.

खेळ पाळीपाळीने खेळायचा, किल्ले आणि फौजा असलेला. त्याचं नाव इथे देत नाही, कारण तिथली माणसं नोकरी सांभाळून रात्री फुकट काम करतात आणि माझा राग तिथल्या पद्धतीवर आहे. माझा भाचा तो लिनक्सवर खेळतो, प्रत्येक डाव मराठी नावाने सेव्ह करतो. एका रविवारी तो रडवेला होऊन आला, “मावशी, माझा शिवनेरी गेला!” तीन आठवडे चाललेला डाव ‘शिवनेरीचा वेढा’ या नावाने सेव्ह केलेला होता आणि लोड करायच्या यादीत तो दिसतच नव्हता. त्याआधीचा ‘राजगड’ मात्र व्यवस्थित दिसत होता.

गिटहबवर, म्हणजे त्या खेळाचा कोड आणि रिपोर्ट असतात त्या साइटवर, खातं काढलं, रिपोर्ट लिहिला, आठवड्याभरात उत्तरही आलं. खेळ सांभाळणाऱ्या एका मेंटेनरने ‘टेस्ट’ हा देवनागरी शब्द टाकून डाव सेव्ह केला, लोड केला आणि लिहिलं की इथे सगळं चालतंय. त्याने मनापासून वेळ दिला होता, अगदी देवनागरी टंकून पाहिलं होतं. मग ‘माहिती हवी’ हे लेबल लागलं. मी स्क्रीनचा व्हिडिओ जोडला, भाच्याची सेव्ह फाइल जोडली, खेळाची आवृत्ती लिहिली. त्यानंतर कुणीच काही बोललं नाही.

असे गप्प पडलेले रिपोर्ट आवरायला बॉट, म्हणजे आपोआप चालणारा प्रोग्रॅम, लावलेला असतो. असल्या बॉटची नेहमीची सेटिंग अशी असते: 60 दिवस हालचाल नसली की ‘शिळा’ असा शिक्का मारायचा, त्यानंतर 7 दिवसांत कुणी बोललं नाही तर रिपोर्ट बंद करायचा. ते सात दिवस नेमके आमच्या घरच्या लग्नात गेले. परत आले तर रिपोर्ट बंद. माझं सगळं म्हणणं, व्हिडिओ, फाइल तिथेच, पण वर ‘बंद’ असा शिक्का. दुसऱ्याने बंद केलेला रिपोर्ट पुन्हा उघडायचा अधिकार बाहेरच्या माणसाला नसतो, तो लिहिणाराच का असेना. मी खाली विनंती लिहिली. बंद रिपोर्टखालचं लिखाण फारसं कुणी वाचत नाही हे मला तेव्हा माहीत नव्हतं. तीन आठवड्यांनी नवा रिपोर्ट टाकला, तर तो दोन तासांत ‘आधीच्या रिपोर्टची नक्कल’ म्हणून बंद झाला. जो आधीचा म्हणत होते, तो बंदच होता! त्या रात्री मला खरोखर रडू आलं. बग खरा आहे हे मला दिसत होतं, माझ्याच घरातल्या संगणकावर दिसत होतं, आणि तो ऐकायला जागाच उरली नव्हती.

आज मागे वळून पाहिलं की कळतं, मी चुकीची गोष्ट पुन्हा पुन्हा सांगत होते. “मराठी नावाने सेव्ह केलेला डाव दिसत नाही” असं मी लिहिलं होतं, आणि ‘टेस्ट’ने ते वाक्य खोटं ठरवलं होतं. त्यांच्याकडे का चालतं आणि माझ्याकडे का नाही, हा प्रश्न मी स्वतःला विचारलाच नव्हता.

तो विचारला तेव्हा सेव्हचं फोल्डर टर्मिनलमध्ये, म्हणजे टंकलेल्या आज्ञांवर चालणाऱ्या खिडकीत, उघडलं. फाइल तिथेच होती! नाव मात्र ‘शिवनेरीचा व’ इथे तुटलं होतं आणि पुढे टर्मिनलने बॅकस्लॅश लावून 340 हा अष्टमान (आठच्या पायावरचा) आकडा दाखवला होता. तो एक सुटा बाइट (संगणकाच्या साठवणीचं छोटं माप) होता, कुठल्याच अक्षराचा नसलेला. मग कागदावर मोजलं. यूटीएफ-8 या अक्षरं साठवायच्या पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह 3 बाइट घेतं, आणि काना, मात्रा, वेलांटी, हलन्त ही सगळी वेगळी चिन्हं. ‘शिवनेरीचा’ म्हणजे 9 चिन्हं, 27 बाइट. मधली जागा 1. ‘व’चे 3. झाले 31. बत्तिसावा बाइट ‘वे’च्या मात्रेचा पहिला तुकडा. खेळ नाव 32 बाइटवर कापत होता आणि ती मात्रा मधोमध चिरली जात होती. लिनक्सला फाइलच्या नावात असा तुकडा चालतो, पण खेळ यादी करताना अशी मोडकी नावं वगळत होता. ‘टेस्ट’ म्हणजे 5 चिन्हं, 15 बाइट. ते कापलं जाणारच नव्हतं. इंग्रजीत अक्षराला एकच बाइट, म्हणून 32 अक्षरांचं नाव बसतं. आपल्याला तिथे जेमतेम 10 चिन्हं मिळतात.

भाच्याच्या फाइलचं नाव टर्मिनलमधून बदलून दिलं. डाव जसाच्या तसा उघडला.

मग तिसरा रिपोर्ट. चार ओळी: हे नाव जसंच्या तसं चिकटवा, सेव्ह करा, खेळ बंद करा, लोडची यादी उघडा. खाली ‘टेस्ट’च्या 15 आणि ‘शिवनेरीचा वेढा’च्या 40 बाइटचा हिशेब. चाळीस मिनिटांत ‘बग पक्का’ हे लेबल लागलं. त्यामुळे सांगते, समोरच्याला चिकटवता येईल अशी मजकुराची ओळ द्या. व्हिडिओतून कुणी देवनागरी टंकू शकत नाही. आणि हो, डेबियन या लिनक्सच्या भांडारातली खेळाची आवृत्ती बहुधा जुनी असते. ताजा कोड स्वतः बिल्ड करून, म्हणजे त्यातून खेळ तयार करून, बग अजून तिथे आहे ना, हे आधी पाहून घ्या. मी हे तिसऱ्या वेळी केलं, पहिल्याच वेळी करायला हवं होतं.

पॅच, म्हणजे दुरुस्तीचा कोड, मीच लिहिला. नोकरीत मी पायथन लिहिते, सी++ कॉलेजनंतर सुटलेलं, पण दुरुस्ती चार ओळींची होती. यूटीएफ-8 मध्ये चिन्हाच्या दुसऱ्या-तिसऱ्या बाइटची सुरुवात 1 आणि 0 या दोन बिटांनी होते. कापायच्या जागी असा बाइट दिसला तर मागे सरकायचं, चिन्हाच्या सुरुवातीपर्यंत, आणि तिथे कापायचं. उत्साहात मी त्याच पुल रिक्वेस्टमध्ये, म्हणजे बदल स्वीकारायच्या विनंतीत, नावाची मर्यादाही वाढवली होती. रिव्ह्यू करणाऱ्या बाईंनी ती वेगळी करायला सांगितली. एका पॅचमध्ये एकच बदल असावा, उद्या काही बिघडलं तर तेवढाच मागे घेता येतो. त्यांचं बरोबर होतं. शिवाय टेस्ट, म्हणजे दुरुस्ती चालते का हे आपोआप तपासणारा कोड, लिहा म्हणाल्या.

टेस्टमध्ये मी ‘शिवनेरीचा वेढा’ हेच नाव टाकलं. लिनक्सवर चालली, मॅकवर चालली, विंडोजवर पडली. मायक्रोसॉफ्टचा कंपायलर, म्हणजे कोडचा चालता प्रोग्रॅम बनवणारं साधन, सोर्स फाइल यूटीएफ-8 आहे हे वेगळं सांगितल्याशिवाय धरून चालत नाही, आणि त्या प्रकल्पात तसं सांगितलेलं नव्हतं. शेवटी ते चाळीसही बाइट आकड्यांमध्ये एकेक करून लिहिले. काय लिहिलंय ते पुढच्या माणसाला कळावं म्हणून वर कॉमेंटमध्ये (माणसांसाठीच्या टिपेत) देवनागरीत नाव लिहिलं.

अकरा दिवसांनी पॅच स्वीकारला गेला. मर्यादेचा पॅच अजून रांगेत आहे. त्याच्या साठाव्या दिवसाची तारीख मी लिहून ठेवली आहे. भाच्याला ती टेस्टची फाइल दाखवली. जगात कुठूनही कुणी त्या खेळात बदल सुचवला, की तिन्ही प्रणालींवर ती आपोआप चालते. त्याने ती कॉमेंटची ओळ मोठ्याने वाचली आणि विचारलं, “मावशी, म्हणजे रोज माझा वेढा पडतो का तिथे?”

हो, रोज पडतो.