दोन फुटी श्रिंप टँक, महिना सहावा : अकरा गेले, आता पिल्लं आलीत

मागचा अपडेट फेब्रुवारीत टाकला होता, त्यानंतर गप्प होतो कारण सांगण्यासारखं चांगलं काही नव्हतंच. आज सकाळी मॉसमध्ये दोन-दोन मिलिमीटरची चार टिंबं हलताना दिसली, म्हणून आता लिहायला तोंड आहे.

नवीन लोकांसाठी सेटअप पटकन सांगतो. टँक २४ बाय १२ बाय १२ इंच, काठोकाठ भरला तर ५५ लिटर, पण वाळू आणि वरची मोकळी जागा सोडली तर खरं पाणी ४५ लिटरच. खाली थर्माकोल, आत काळी वाळू, स्पंज फिल्टर एअर पंपावर, एका लाकडाला बांधलेलं अनुबियासचं रोप आणि जावा मॉसचा (पाण्यातलं शेवाळासारखं झुडूप) भलामोठा गुंता. डिसेंबरभर टँक रिकामाच चालवला, रोज चिमूटभर फिश फूड टाकायचं, ते कुजून अमोनिया होतो, मग त्याला खाऊन नायट्राइट करणारे बॅक्टेरिया वाढतात, मग नायट्राइटचं नायट्रेट करणारे, आणि थंडीत पाणी २१ डिग्रीला असल्यामुळे हे सगळं अगदी आरामात चालू होतं, सहावा आठवडा लागला दोन्ही शून्य यायला. आई येता-जाता विचारायची, "रिकाम्या पाण्याला खायला घालतोयस होय रे?" ती रत्नागिरीची, तिच्या लेखी ही सगळी करंदी, आणि करंदी भाकरीबरोबर असते, काचेत नाही.

जानेवारीच्या शेवटी १५ रेड चेरी, म्हणजे गोड्या पाण्यातल्या छोट्या लाल श्रिंप आणल्या, नंतर सहा एंबर टेट्रा, म्हणजे छोटे मासे. टेट्रा घालू की नको यावर मागे बराच खल झाला होता. माझा अनुभव सांगतो, मोठ्या श्रिंपला ते हात लावत नाहीत, पिल्लं मात्र समोर आली तर गट्टम करतात, म्हणून मॉस एवढं पाहिजे की मासा आत घुसूच शकणार नाही. गप्पी असते तर एक पिल्लू राहिलं नसतं असं माझं मत आहे, पण त्यावर परत भांडण नको.

आता मुख्य राडा. पुण्यात सिंहगड रोडला राहतो, कॉर्पोरेशनचं पाणी मऊ आहे, पाण्यात विरघळलेले एकूण क्षार (टीडीएस) मोजणाऱ्या माझ्या पेनवर ११० च्या आसपास. श्रिंपला कवच बनवायला कॅल्शियम लागतं म्हणून टँकमध्ये समुद्रफेनाचा तुकडा टाकलेला, पोपटाच्या पिंजऱ्यात लावतात तोच, त्यावर टँक १९० ला स्थिर बसला होता. मस्त चाललं होतं. फेब्रुवारीत दोन माद्यांनी अंडी धरली, मार्चपर्यंत अंदाजे चाळीस जण झाले असतील, आणि मी शहाणा, टीडीएस पेन ड्रॉवरमध्ये टाकून मोकळा झालो.

मार्च अखेरीस पाणी ३१ वर गेलं. श्रिंपला २८ च्या वर त्रास व्हायला लागतो, गरम पाण्यात ऑक्सिजनही कमी विरघळतो. म्हणून क्लिपवाला छोटा पंखा पाण्यावर तिरका लावला, बाष्पीभवनाने पाणी २८ ला आलं, मी खूश. फक्त रोज सव्वा लिटरभर पाणी उडायचं, ते मी सकाळी ब्रश करता करता बेसिनच्या नळाचं ओतायचो.

इथे मेख आहे. उन्हाळ्यात आमच्या सोसायटीत टँकर येतात आणि टँकरचं पाणी कॉर्पोरेशनच्या पाण्यातच, त्याच टाकीत मिसळतात, कोणी सांगत नाही आणि चवीवरून मला कळलंही नाही. तीन आठवड्यांनी श्रिंप सुस्त वाटल्या म्हणून पेन काढला. नळ ५६०. टँक ५०८! पाणी उडतं पण त्यातले क्षार उडत नाहीत ना, ते मागेच राहतात. आमटी आटली की खारट होते तसं, आणि मी त्या आटलेल्या आमटीत रोज वरून मिठाचंच पाणी ओतत होतो.

खरी चूक मात्र याच्या पुढची. श्रिंप ५०८ ला जिवंत होत्या, सुस्त होत्या पण जिवंत होत्या, कारण आकडा हळूहळू चढला होता. मी घाबरून त्याच संध्याकाळी अर्धा टँक उपसला आणि घरच्या आरओचं ४० टीडीएसचं पाणी भरलं. तासाभरात ५०८ चा २७० झाला. आकडा बघून हुश्श केलं आणि झोपलो.

दुसऱ्या दिवशी एक, तिसऱ्या दिवशी चार, पाच दिवसांत अकरा. कवच मधोमध तडकल्यावर दिसणारी ती पांढरी रिंग फोटोत बरेचदा बघितली होती, पहिल्यांदा स्वतःच्या टँकमध्ये बघितली. एरवी कात टाकताना कवच मानेपाशी वरून फाटतं आणि श्रिंप एका झटक्यात बाहेर पडते, पण क्षार असे अचानक खाली आले की अवेळी कात टाकतात आणि कवच मधोमध गोल तडकतं, मग ना पुढचा भाग निघत ना मागचा. अर्धवट अडकून आडवी पडलेली मादी, पोटाखाली अंडी तशीच. लई वाईट वाटलं. टेट्रांना ढिम्म फरक पडला नाही, ते त्या दिवशीही खायला मागत होते.

अकरा म्हणजे जे सापडले ते. बाकीच्यांना इतरांनी खाल्लं असणार, कारण रात्री टॉर्च मारून मोजले तेव्हा १९ भरले.

त्यानंतर बदललेल्या गोष्टी. उडालेल्या पाण्याच्या जागी आता फक्त आरओचं पाणी, कारण क्षार आधीच टँकमध्ये आहेत. पाणी बदलायचं असेल तर एक भाग नळ, दोन भाग आरओ, नळ ५०० च्या आसपास असेल तर मिश्रण २०० च्या आत-बाहेर येतं, पण नळ रोज वेगळा असतो म्हणून दर वेळी मोजूनच. आठवड्याला फक्त चार लिटर, तेही एअर पंपाच्या नळीला गाठ मारून थेंब थेंब, दोन तास लागतात, लागू देत. आणि पेनवर आंधळा विश्वास नको, तो फक्त एकूण क्षार दाखवतो, त्यात कॅल्शियम-मॅग्नेशियम किती ते नाही, त्यासाठी जीएचचं (पाण्याचा जडपणा मोजणारं) थेंबवालं किट घेतलं, टँक ७ दाखवतोय.

यात अजून एक घोळ होता होता वाचला. आमच्याकडे आरओचं पाणी आई लगेच तांब्याच्या कळशीत ओतून ठेवते, आणि पहिल्या दिवशी मी तीच कळशी उचलून निघालो होतो. माणसाला चालतं हो, पण श्रिंपला तांबं म्हणजे विषच, माशांच्या कित्येक औषधांवर म्हणूनच तर इशारा असतो. आता माझा वेगळा प्लास्टिकचा कॅन आहे आणि त्यावर मार्करने "करंदी" लिहिलंय. अक्षर आईचं.

मे महिन्यात एका मादीच्या मानेवर पिवळं सॅडल (आत तयार होणाऱ्या अंड्यांचा डाग) दिसलं, दहा तारखेच्या सुमारास अंडी पोटाखाली आली. मोठी होती, वीसेक असतील, ती दिवसभर पायांनी वारा घालत बसायची. चोवीस दिवस मोजले. चेरीचं हे बरं असतं, अळीची अवस्था वगैरे नाही, बाहेर पडतात त्या थेट चिमुकल्या श्रिंपच. अमानो जातीच्या श्रिंपसारखं असतं तर अळ्यांना खारं पाणी लागतं, आपल्याच्यानं झालं नसतं.

खाण्यात फार काही नाही. कॉलनीतल्या बदामाची गळून पडलेली तपकिरी पानं उकळून टाकतो, त्यावर जी बुरशी-शेवाळाची साय चढते ती पिल्लं दिवसभर चरतात. आठवड्यातून एकदा दुधीची उकडलेली चकती, दोन तासांनी उरलेली बाहेर. पालक बंद केलाय, फवारणीची भीती वाटते.

फवारणीवरून आठवलं, पाऊस सुरू झाला की डासांचा धूर मारायला येतात. त्या धुरातलं औषध श्रिंपला मारायला पुरतं आणि एअर पंप खोलीतली हवाच आत ढकलतो, म्हणून भोंगा ऐकू आला की खिडक्या बंद, पंप तासभर बंद आणि टँकवर ओला पंचा. काल रंगीत तालीम केली. आईने पंचा परत मागितलाय.

संध्याकाळी परत मोजलं. सात.