आईचा इलेक्ट्रोलाइट्सचा रिपोर्ट

इलेक्ट्रोलाइट्सचा, म्हणजे रक्तातल्या क्षारांचा, रिपोर्ट मोबाईलवर आला तेव्हा दोन आकडे लाल दिसत होते. सोडियम १२९, म्हणजे कमी, आणि पोटॅशियम ५.९, म्हणजे जास्त. आईला डायबेटिस आहे, बीपी आहे, आणि उन्हाळाभर थकवा आणि पोटऱ्यांत गोळे ही तक्रार चालूच होती. मावशीचा लगेच फोन, "मीठ-साखरेचं पाणी दे, शहाळं दे!" रिपोर्टमध्ये साखर ३८० होती आणि शहाळ्यात पोटॅशियम भरपूर असतं. मी काहीच न देता आईला घेऊन थेट दवाखाना गाठला.

डॉक्टरांनी आधी पोटॅशियमकडे बघितलं, कारण ते खरंच वाढलं असेल तर हृदयाचे ठोके बिघडतात. ईसीजी लगेच काढला, तो नॉर्मल आला. मग त्यांनी रिपोर्टच्या तळाशी बारीक अक्षरात छापलेल्या ओळीवर बोट ठेवलं : नमुना हिमोलाइझ्ड. म्हणजे रक्त काढताना किंवा नेताना लाल पेशी फुटल्या आणि त्यांच्यातलं पोटॅशियम बाहेर आलं. आईची शीर सापडत नव्हती, रक्त काढणारा मुलगा तिला पुन्हापुन्हा मूठ आवळायला सांगत होता. मूठ आवळल्यानेही पोटॅशियमचा आकडा वर सरकतो म्हणे. पुन्हा रक्त दिलं, यावेळी मूठ न आवळता. ४.७ आलं, म्हणजे नॉर्मल.

सोडियम मात्र पुन्हा १२९च. डॉक्टरांनी रिपोर्टच्या पाठीवर पेनाने हिशेब मांडला. साखर वाढली की पेशींतलं पाणी रक्तात ओढलं जातं आणि सोडियम पातळ होतं. शंभराच्या वर दर शंभर साखरेला साधारण १.६ सोडियममध्ये मिळवायचं. २८० जास्त, म्हणजे साडेचार. १२९ चे झाले १३३.५. नॉर्मल १३५ पासून पुढे, तेव्हा थोडी कमतरता उरलीच.

"काकू, बीपीची गोळी दाखवा."

पट्टीवर टेल्मिसार्टनबरोबर क्लोरथॅलिडोन होतं. हे लघवी वाढवणारं औषध, वयस्कर माणसांत सोडियम खाली आणण्यात नावाजलेलं. ते बंद केलं.

त्याच कागदावर आणखी एक वजाबाकी केली : सोडियममधून क्लोराईड ९६ आणि बायकार्बोनेट २३ वजा, उरले १०. इथे मोजलेलंच सोडियम घेतात, दुरुस्त केलेलं नाही. दहा-बारापर्यंत ठीक, रक्तात आम्ल साठलेलं नाही. साखर इतकी असूनही किटोअॅसिडोसिस, म्हणजे डायबेटिसमध्ये रक्तात आम्ल साठण्याचा धोकादायक प्रकार, नव्हता. मला हे सगळ्यात आवडलं. तीन साध्या आकड्यांत एवढी मोठी भीती मोडीत निघते, आणि फुल बॉडी पॅकेजवाले मात्र सत्तर-ऐंशी तपासण्या गळ्यात मारतात.

घरचं मीठ कुठलं, हाही प्रश्न आला. बीपीला चांगलं म्हणून दादाने लो-सोडियम मीठ आणलं होतं. त्यात पोटॅशियम क्लोराईड असतं. टेल्मिसार्टन पोटॅशियम वाढवतं आणि आईचं क्रिएटिनिन (किडनीचं काम दाखवणारा आकडा) १.३, थोडं जास्त, म्हणून साधंच मीठ, पण बेताने, असं ठरलं. लोणचं-पापड मात्र बंद, त्यावर आई अजून रुसून आहे.

खरा रोग साखरेचा होता. एचबीए१सी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांतल्या सरासरी साखरेचा आकडा, १०.२ निघालं, इन्सुलिन सुरू झालं. साखर खाली आल्यावरच्या तपासणीत सोडियम १३७ आलं. पोटऱ्यांतले गोळे थांबलेत. आता ही तपासणी करताना साखर आणि क्रिएटिनिन त्याच नमुन्यात करायला सांगते, आणि लॅबवाल्याला गोळ्यांची यादीही देते.